जुन्या वस्तींतील नवे टॉवर

उधव्याहून मुंबईस निघालेल्या माणसाला घरांच्या उंचीचा सारा इतिहास एकाच दिवसांत डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. तलासरीकडच्या या भागांत कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून उभारलेलीं वारल्यांचीं घरें अजूनहि आढळतात, आणि त्यांचें छप्पर शेजारच्या ताडाच्या निम्म्या उंचीलाहि पोंचत नाहीं. डहाणूस आलें म्हणजे चिकूच्या वाड्यांतून बैठीं व दुमजली कौलारू घरें लागतात. २०१३ सालापासून डहाणूपर्यंत उपनगरी गाडी जाऊं-येऊं लागली आहे. त्या गाडीनें दक्षिणेकडे निघावें, तों विरारपासून इमारतींच्या रांगा सुरू होतात, आणि मुंबई जसजशी जवळ येते तसतसे त्यांचे मजले वाढत जातात. अखेर गाडी बदलून चर्नी रोडला उतरावें व गिरगांवांत पाऊल टाकावें, कीं एक निराळेंच दृश्य समोर येतें. तीन मजली चाळीचा लाकडी कठडा, त्यावर वाळत घातलेले कपडे, खालीं वाण्याचें दुकान, आणि या सर्वांच्या पाठीशीं आभाळाला टेंकलेला चाळीस मजल्यांचा टॉवर. हा टॉवर या जुन्या वस्तीला शोभतो काय, असा प्रश्न मग मनांत उभा राहतो.

या प्रश्नाला दोन ठरलेलीं उत्तरें मिळतात. पहिलें उत्तर असें, कीं टॉवर परके आहेत, बेढब आहेत, त्यांनीं गिरगांवचें गिरगांवपण घालविलें. दुसरें उत्तर असें, कीं हळहळण्याचा हा सारा उद्योग दूर राहणाऱ्यांचा आहे. ज्याला पहांटे बादली घेऊन चार बिऱ्हाडांच्या मागें संडासापुढें उभें राहावें लागतें, त्याला कौलांचें सौंदर्य सांगूं नये. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु दोघेहि मान वर करून बोलत असतात. एकाला वर झांकलेलें आभाळ दिसतें, तर दुसऱ्याला तेथें आपलें नवें घर दिसतें. टॉवर जुन्या वस्तीशीं जुळला कीं नाहीं याचा निकाल मात्र खालीं, गल्लीच्या पातळीवर लागत असतो. तेथें नजर वळविली म्हणजे हा वाद बराचसा सोपा होतो.

प्रथम ही जुनी वस्ती कशी घडली तें ध्यानांत घेतलें पाहिजे. गिरगांव हा मुळांत वाड्यांचा प्रदेश. फणसवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी हीं नांवेंच त्याची साक्ष देतात. खोताची वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस वसली. एका पाठारे प्रभु खोतानें आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस विकले, आणि त्यांवर पुढें पडवी, बाहेरून लाकडी जिना व कोरीव कठडे असलेलीं टुमदार घरें उभीं राहिलीं. एकेकाळीं तेथें साठांहून अधिक घरें होतीं. आज त्यांतील निम्मींहि उरलेलीं नाहींत. पुढें १८५४ नंतर मुंबईंत कापडाच्या गिरण्या निघाल्या, बंदराचा व्यापार वाढला, कोंकणांतून व देशावरून माणसें येऊं लागलीं, आणि वाड्यांच्या बागांतून चाळी उठल्या. एका माणसाच्या खोलींत एक कुटुंब, आणि दहा कुटुंबांपुढें एकच गॅलरी, असा हा चाळीचा घाट होता. जागेची टंचाई हें त्याचें मूळ. तथापि त्या टंचाईंतूनच एक सार्वजनिक जीवन जन्मास आलें. गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला व तो आजतागायत चालू आहे. गॅलरी, चौक आणि गल्ली हीं तीन ठिकाणें नसतीं, तर असा उत्सव त्या वस्तींत उभाच राहिला नसता.

मात्र या चित्राला दुसरीहि बाजू आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसें किती दाटीनें राहत होतीं हें सरकारला कळून चुकलें. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ च्या सुमारास घरांतील उजेड व हवा या विषयाचा पाठपुरावा केला, आणि ट्रस्टनें जो नियम हाताशीं धरला तो आजहि समजून घेण्यासारखा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३½ अंशांच्या कोनांत वर एक रेषा काढावी. समोरच्या इमारतीनें ती रेषा अडवितां कामा नये. शाळेंतल्या भूमितीनें याचा हिशेब केला तर अर्थ अगदीं सरळ निघतो. समोर जितकी मोकळी जागा असेल, तिच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नसावी. मध्यें २० फुटांची गल्ली असेल तर इमारत ४० फुटांची. म्हणजे तळमजला आणि वर तीन मजले. जुन्या गिरगांवांतील प्रत्येक इमारत या मापांत बसत होती असें नव्हे. कित्येक बसत नव्हत्या, म्हणूनच तर नियम सुचला. परंतु त्यांतील तत्त्व महत्त्वाचें आहे. इमारतीची उंची तिच्या स्वतःच्या जमिनीवरून ठरत नसून शेजाऱ्याच्या खिडकीवरून ठरते, असें तें तत्त्व होय.

मग अशा वस्तींत चाळीस मजले आले कोठून? याचें कारण बिल्डराच्या लोभांत शोधण्याची रीत आहे. लोभ आहेच, पण खरें मूळ अधिक जुनें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत जागांची टंचाई पराकोटीला गेली, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधून टाकलीं. भाडेकरूला त्यामुळें संरक्षण मिळालें, आणि तें त्या वेळीं आवश्यकहि होतें. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडें जागच्या जागीं राहिलें. महिन्याच्या भाड्यांत जिन्याची एक पायरीहि दुरुस्त होईना. घरमालकानें दुरुस्ती सोडली, भाडेकरूनें पागडी देऊन जागा घेतली व ती आपलीच मानली, आणि इमारत दोघांचीहि राहिली नाहीं. १९६९ सालीं कायदा करून अशा इमारतींवर दुरुस्तीसाठीं उपकर बसविण्यांत आला. त्या वेळीं उपकराखालीं आलेल्या इमारतींची संख्या १९,००० हून अधिक होती. त्यांतील बहुसंख्य १९४० पूर्वीं बांधलेल्या होत्या. उपकराच्या पैशांतून टेंकू लागले, गिलावा झाला; पण शंभर वर्षांचें लांकूड तरुण होत नाहीं.

शेवटीं सरकारनें तोड काढली ती अशी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत ३३(७) हें कलम आलें, आणि थोड्याफार फेरफारानें तें आजहि चालू आहे. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करतां येईल या प्रमाणाला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. मुंबई शहरांत हें मूळ प्रमाण १.३३ होतें. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्यास तें ३ किंवा त्याहूनहि अधिक मिळूं लागलें. त्याच्या बदल्यांत जुन्या प्रत्येक भाडेकरूला नवें घर फुकट द्यावयाचें. साठ बिऱ्हाडांची एक चाळ उदाहरणादाखल घ्यावी. सध्यांच्या नियमाप्रमाणें प्रत्येकास किमान ३०० चौरस फुटांचें घर द्यावें लागतें. म्हणजे आंतलीच जागा १८,००० चौरस फूट झाली. तिच्याबद्दल कोणी एक पैसाहि देत नाहीं. तिचा खर्च, मधल्या काळांतील भाडें, आणि बिल्डराचा नफा, हें सारें विक्रीच्या घरांतून निघावयाचें. जमीन तर तेवढीच. तेव्हां विक्रीचीं घरें वर चढतात. त्यांच्या मोटारींसाठीं खालीं चार-सहा मजले जातात, आणि त्यामुळें सारी इमारत आणखी वर ढकलली जाते. अशा रीतीनें, पन्नास-साठ वर्षें न भरलेलें भाडें एकाच वेळीं आकाशांत वसूल होतें. गिरगांवच्या टॉवरची उंची ही त्या थकबाकीची उंची आहे.

हें ध्यानांत आल्यावर टॉवरला सरसकट नकार देणें कठीण होतें. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांत एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. ती इमारत पुनर्विकासाच्या एका योजनेंतलीच होती. पावसाळा आला म्हणजे अशी बातमी येईल ही धास्ती कित्येक कुटुंबें दरवर्षीं उराशीं बाळगून असतात. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत बांधल्या गेल्या. एकूण २०७ इमारती, प्रत्येकींत ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांतून तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमध्यें ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःच्या घरांत, दाराला कडी असलेलें न्हाणीघर आयुष्यांत प्रथमच मिळालेल्या आजीबाईला जुन्या दगडांचें माहात्म्य कोणीं व कोणत्या तोंडानें सांगावें? २०१२ सालीं मुंबईच्या वारसास्थळांच्या नव्या यादींत दादरच्या शिवाजी पार्कचा परिसर घेण्याचें ठरूं लागलें, तेव्हां विरोधाला उठले ते तेथील रहिवासीच. आपल्या घराला मान मिळण्यापेक्षां त्याची पुनर्बांधणी अडून राहण्याचें भय त्यांस अधिक वाटलें. हें भय अडाणीपणाचें नव्हे.

तरीहि प्रश्न शिल्लक राहतो. नवें घर हवें हें मान्य झालें, म्हणून कसलाहि टॉवर चालेल असें ठरत नाहीं. खालीं गल्लींत उभें राहून पाहिलें तर तीन गोष्टी खटकतात.

पहिली उजेडाची. वर सांगितलेलें दुपटीचें माप लावलें तर ४०० फुटांच्या टॉवरपुढें २०० फूट मोकळी जागा हवी. गिरगांवच्या पुष्कळ गल्ल्या २० फुटांच्याहि नाहींत. लहान भूखंडावर पुनर्विकास होतांना मोकळ्या जागेच्या नियमांतूनच सवलती दिल्या जातात. तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला यानें कांहीं होत नाहीं. त्याला समुद्रहि दिसतो. परंतु शेजारच्या चाळींत, जिचा नंबर अजून लागलेला नाहीं, तेथील तळमजल्यावर दिवसां दिवा लावावा लागतो. आणि जेव्हां त्या चाळीचा नंबर लागतो तेव्हां पहिल्या टॉवरमधील खालच्या मजल्यांवर तीच पाळी येते. बहुधा या खालच्याच मजल्यांवर जुन्या भाडेकरूंचीं घरें असतात. प्लेगनें शिकविलेला धडा अशा रीतीनें हळूहळू पुसला जात आहे.

दुसरी गोष्ट पायथ्याची. जुन्या चाळीच्या तळमजल्याला दुकानें असत, ओटे असत, वर पहिल्या मजल्याची गॅलरी असे. रात्रीं दहा वाजतांहि गल्लीवर कोणाचे तरी डोळे असत. मूल खेळतांना पडलें तर वरून हांक येई. नव्या टॉवरच्या पायथ्याशीं बहुतकरून मोटारींचे मजले असतात. गल्लीकडे येते ती एक आंधळी भिंत, लोखंडी फाटक आणि पहारेकऱ्याची चौकी. मोटार ठेवण्याची सोय अवश्य हवी. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्यें गिरगांवांत भुयारी रेल्वेचें स्थानक सुरू झालें आहे, चर्नी रोड व ग्रँट रोड हीं स्थानकें पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत, अशा ठिकाणीं घरागणिक मोटारींसाठीं गल्लीचें तोंडच बंद करावें काय, याचा विचार झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट उंबरठ्याची. चाळींत घर आणि रस्ता यांच्यामध्यें गॅलरी होती. ती धड घरांतली नव्हे, धड बाहेरचीहि नव्हे. तेथें निवडण-टिपण होई, अभ्यास होई, भांडण होई व तें तेथेंच मिटेहि. टॉवरमध्यें दार उघडलें कीं समोर लिफ्टचा बंद चौक येतो. त्यांतून वयोवृद्ध माणसें एकाकी पडतात हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. कित्येक ठिकाणीं तर विकत घेणाऱ्यांचा टॉवर निराळा व जुन्या रहिवाशांचा निराळा, फाटकेंहि निराळीं. ज्या वस्तीनें सार्वजनिक उत्सवाचा पायंडा पाडला, तिच्याच जमिनीवर असे दोन दरवाजे व्हावे ही गोष्ट सौंदर्यदृष्टीहून अधिक गंभीर आहे.

या तिन्ही दोषांवर जो उपाय सर्रास केला जातो तो मात्र दिखाऊ असतो. टॉवरच्या माथ्यावर कमानी, घुमट वा उतरतीं छपरें बसविलीं म्हणजे तो जुन्या वस्तीशीं जुळला अशी समजूत करून घेतली जाते. चाळीसाव्या मजल्यावरची कमान गल्लींतून कोणाला दिसते? जुन्यापासून शिकावयाचें तर त्याचा वेष न घेतां त्याची अक्कल घ्यावी. याचें एक चांगलें उदाहरण मुंबईंतच आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनीं कंबाला हिलवर बांधलेली कांचनजंगा ही २८ मजली इमारत १९८३ सालीं पूर्ण झाली. जुन्या बंगल्याला भोंवतीं ओसरी असे. ती ऊन आणि पाऊस दोन्ही अडवी. कोरियांनीं ही ओसरी घेऊन दोन मजले उंचीच्या खोल गच्च्यांच्या रूपानें ती टॉवरमध्यें वर नेऊन ठेविली. ती श्रीमंतांची इमारत आहे हें खरें. पण त्यांतील कल्पनेला पैशांपेक्षां विचार अधिक लागला.

परदेशांतहि हा वाद झालेला आहे. पॅरिसमध्यें १९७३ सालीं मोंपार्नास हा २१० मीटर उंचीचा टॉवर उभा राहिला, आणि लोकमत इतकें क्षुब्ध झालें कीं १९७७ सालीं शहराच्या अंतर्भागांत उंचीवर कडक मर्यादा आली. इंग्लंडांतील लिव्हरपूलच्या जुन्या गोदीच्या परिसराला जागतिक वारशाचा मान होता. तेथील नव्या बांधकामांमुळें २०२१ सालीं तो काढून घेण्यांत आला. मुंबईनें या बाबतींत मागें राहण्याचें कारण नव्हतें. वारसा इमारतींच्या रक्षणाची नियमावली १९९५ सालींच येथें आली, आणि २०१८ सालीं ओव्हल मैदानाभोंवतालच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परंतु या यादींत विद्यापीठ, न्यायालय, मैदानाकांठच्या देखण्या इमारती शोभतात. चाळ कोणाला देखणी वाटत नाहीं. तिचें मोल तिच्या भिंतींपेक्षां तिच्या मांडणींत आहे, आणि मांडणीला दर्जा देण्याची पद्धत अजून नीटशी बसलेली नाहीं.

तर मग मार्ग कोणता? एकेक चाळ सुटी पाडून तिच्याच अरुंद जागेवर सुई उभी करण्यापेक्षां अनेक इमारतींचा समूह एकत्र घेणें बरें, असा एक विचार आहे. ३३(९) या कलमानें तशी सोय केली असून भेंडीबाजारांत सुमारे १६.५ एकरांवरील २५० च्या आसपास इमारती व ३,२०० कुटुंबें अशा योजनेंत घेण्यांत आलीं. समूह घेतला म्हणजे रस्ता रुंद करतां येतो, टॉवरमध्यें अंतर राखतां येतें, दुकानांची रांग परत गल्लीवर आणतां येते. अर्थात् या मार्गांतहि सबंध जुनी वस्ती एका झटक्यांत पुसून जाण्याचा धोका आहे. ज्या वाडींत अजून घरें धड आहेत तेथें मालकाला न वापरलेल्या बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकूं देणें हा न्यायाचा उपाय होय, आणि वारसा नियमावलींत त्याची तरतूदहि आहे. शेजाऱ्यांनीं जपलेल्या शोभेचा खर्च एकट्या घरमालकाच्या माथीं मारणें योग्य नाहीं.

पण नियमांपेक्षांहि महत्त्वाची आहे ती रहिवाशांची जागरूकता. संमतिपत्रावर सही मागितली जाते तेव्हां बहुतेक कुटुंबें एकच प्रश्न विचारतात, कीं घर किती फुटांचें मिळणार? तो विचारलाच पाहिजे. त्याच्या जोडीला आणखी कांहीं प्रश्न विचारले जावे. आपलें घर कितव्या मजल्यावर, आणि पुढें शेजारीं टॉवर झाला तर त्याच्या खिडकींत उजेड राहील काय? गल्लीच्या बाजूला दुकानें आणि ओटे येणार कीं मोटारींची भिंत? आगीचा बंब गल्लींतून आंत येऊन वळेल काय? लिफ्ट आणि पंप यांचा महिन्याचा खर्च पहिलीं वर्षें संपल्यावर कोण भरणार? उत्सवाला, लग्नाला, मयतीला चार माणसें जमावयाचीं तर तीं कोठें जमणार? ज्या टॉवरच्या नकाशांत या प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें आहेत, तो किती कां उंच असेना, जुन्या वस्तींत रुळतो. ज्याच्या नकाशांत तीं नाहींत, तो दहा मजल्यांचा असला तरी परकाच राहतो.

हे प्रश्न गिरगांवापुरते आहेत असें डहाणू-तलासरीच्या वाचकांनींहि समजूं नये. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनें डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक ठरविला आणि तेथील उद्योगांवर मर्यादा घातल्या. त्यामुळें चिकूच्या वाड्या पुष्कळशा टिकून राहिल्या. परंतु स्थानिक मच्छिमारांचा दीर्घ विरोध असतांहि जून २०२४ मध्यें वाढवण बंदराला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षीं ३० ऑगस्टला त्याची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचें हें काम आहे. त्याच्या मागोमाग माणसें येतील आणि त्यांस घरेंहि लागतील. गिरगांवांत उशीर झाला, कारण तेथें हिशेब मांडण्यापूर्वीं घरें मोडकळीस आलीं होतीं. डहाणूच्या बाजाराजवळ आणि उधव्याच्या रस्त्यावर घरें अजून धड आहेत, गल्लींत ऊन आहे, आणि दारापुढें अंगण आहे. समोर किती मोकळी जागा आहे तें मोजून मग घराची उंची ठरविण्यास तेथें अद्याप अवधि आहे.